गतिमार्ग : कोठे आणि केव्हा
(प्रस्तावना)

पडद्यावर हलणाऱ्या कोणत्याही वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारता येतात : ती कोणत्या वाटेने गेली, आणि त्या वाटेवर ती कोणत्या क्षणी कोठे होती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूमितीत सापडते, दुसऱ्याचे काळात. आणि अ‍ॅनिमेशन म्हणजे या दोन उत्तरांचा मेळ घालण्याची कला होय. अडचण अशी की, चित्र चालू असताना ही दोन्ही उत्तरे एकमेकांत मिसळून जातात. चेंडू पोकळ वाटतो, हात लाकडी वाटतो, उडी मारणारे पात्र हवेत अडखळल्यासारखे वाटते. काहीतरी बिनसले आहे हे पाहणाऱ्याला जाणवते, परंतु दोष वाटेत आहे की वेळेत, हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही, कारण नजर तेथे पोहोचेपर्यंत पुढची फ्रेम आलेली असते. अशा वेळी उपयोगी पडणारे साधन म्हणजे गतिमार्ग, ज्याला व्यवसायात सर्रास ‘मोशन पाथ’ म्हटले जाते. हलत्या वस्तूवरचा एक बिंदू निवडावा, प्रत्येक फ्रेममध्ये तो जेथे असेल तेथे एक ठिपका ठेवावा आणि ते ठिपके रेषेने जोडावेत, एवढेच त्याचे मूळ रूप आहे. रेषेच्या आकारावरून वाट कळते, ठिपक्यांमधील अंतरावरून वेग कळतो, आणि चालू असताना निसटून जाणारी हालचाल एकाच स्थिर चित्रात संपूर्ण समोर येते.

हे चित्र कसे वाचावे, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण वर फेकलेल्या चेंडूचे आहे. चित्रपटाच्या रूढ वेगाप्रमाणे सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर गतिमार्गावरच्या लगतच्या दोन ठिपक्यांमध्ये नेहमी १/२४ सेकंदच गेलेला असतो; काळाचे माप असे एकसारखे असल्यामुळे ठिपक्यांतील अंतर जेथे वाढते तेथे वेग वाढला आणि जेथे घटते तेथे तो मंदावला, असा अर्थ निघतो. स्थिर अवस्थेतून पडणारी वस्तू लागोपाठच्या समान कालखंडांत १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, हा गॅलिलिओचा नियम येथे डोळ्यांना दिसतो : हवेचा रोध बाजूला ठेवला तर माथ्यापाशी ठिपके दाटलेले असतात, जमिनीकडे येताना ते याच प्रमाणात विरळ होत जातात, आणि आडव्या दिशेने मोजले तर मात्र ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत समान अंतरावर असतात. चेंडूला वजन नाही असे वाटत असेल, तर बहुधा खालच्या टप्प्यातले ठिपके पुरेसे विरळ झालेले नसतात. तो माथ्यावर लटकल्यासारखा वाटत असेल, तर तेथे गरजेपेक्षा जास्त ठिपके साचलेले असतात. चालणाऱ्या पात्राचा तळवा जितक्या फ्रेम जमिनीला टेकलेला असतो तितक्या फ्रेमचे ठिपके एकावर एक पडायला हवेत. ते पसरलेले दिसले, तर पाय घसरत आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तेच पात्र जागच्या जागी चालत असेल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारे चालीचे आवर्तन तयार केलेले असेल, तर टेकलेला पाय समान अंतराने मागे सरकताना दिसला पाहिजे. एकाच हालचालीचे दोन वेगळे संदर्भ आणि त्या दोहोंत बरोबर ठरणारी दोन वेगळी चित्रे, ही गोष्ट पुढील संपूर्ण विवेचनाला आधारभूत आहे.

या क्षेत्रात ‘टाइमिंग’ आणि ‘स्पेसिंग’ असे दोन शब्द रूढ आहेत. एखाद्या क्रियेला एकंदर किती फ्रेम द्यायच्या, हा टाइमिंगचा विषय. त्या फ्रेम वाटेवर कशा विखरायच्या, हा स्पेसिंगचा. मुंबई आणि पुणे यांच्यामधला लोहमार्ग एकच असतो आणि त्यावरून दोन गाड्या तेवढ्याच वेळात धावू शकतात, तरी एक घाटात रेंगाळून सपाटीवर वेग घेते आणि दुसरी सारखाच वेग राखते, तेव्हा दोन्ही प्रवास वेगळे असतात; मार्ग, एकूण वेळ आणि त्या वेळेची वाटणी या तीन स्वतंत्र बाबी आहेत. नवशिक्याच्या कामातील बहुतेक दोष या तिन्हींची गल्लत झाल्याने निर्माण होतात : वेळेची वाटणी चुकलेली असताना तो वाट वाकवत बसतो, किंवा वाटेत खाच असताना फ्रेम कमी-जास्त करतो. दुरुस्ती करण्याआधी दोष कोणत्या बाबीत आहे हे ओळखणे, ही या विषयाची पहिली विद्या आहे, आणि गतिमार्ग पडद्यावर उमटवण्याचे पहिले प्रयोजनही तेच आहे.

हालचाल रेषेत पाहण्याचा हा प्रयत्न संगणकाच्या आणि चित्रपटाच्याही आधीचा आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे ओळीने लावलेल्या अनेक कॅमेऱ्यांनी टिपली. तेथे प्रत्येक क्षण स्वतंत्र चौकटीत होता. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी मात्र वेगळी दिशा धरली. १८८२ मध्ये त्यांनी सेकंदाला १२ प्रतिमा टिपणारी छायाचित्र-बंदूक तयार केली आणि त्यानंतर एकाच काचेवर लागोपाठचे क्षण उमटवण्याची पद्धत विकसित केली. प्रतिमा एकमेकींवर चढून गोंधळ होऊ नये म्हणून चालणाऱ्या माणसाला काळा पोशाख घालून त्याच्या अवयवांवर पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर चमकते बिंदू लावले, आणि शरीर जवळजवळ अदृश्य होऊन केवळ सांध्यांची वाट काचेवर उरली. मायब्रिज यांच्या मांडणीतून फ्रेमची माळ दिसते, मारे यांच्या मांडणीतून गतिमार्ग दिसतो. आजच्या सॉफ्टवेअरमधील टाइमलाइन आणि गतिमार्ग ही याच दोन दृष्टींची रूपे होत. पुढे अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी कारखान्यातील कामगारांच्या हातांना लहान दिवे बांधून लांब उघडझापीची छायाचित्रे घेतली, आणि दिव्याचा विद्युतप्रवाह ठरावीक अंतराने खंडित करून त्या प्रकाशरेषेचे तुकडे पाडले, ज्यायोगे रेषेवर काळाचेही माप आले. या रेषांच्या तारेच्या त्रिमितीय प्रतिकृतीही त्यांनी बनवल्या. त्यांचा हेतू श्रमांची बचत हा होता, कलेचा नव्हता. तरी वाट आणि वेळ एकाच रेषेवर वाचता येण्याची जी सोय आज अ‍ॅनिमेटरला मिळते, ती तत्त्वतः त्यांच्या छायाचित्रांत होती.

कागदावरच्या अ‍ॅनिमेशनने हेच ज्ञान हाताने कमावले. १९१४ च्या ‘गर्टी द डायनोसॉर’ या चित्रपटापर्यंत विन्सर मॅके यांनी हालचालीची टोके आधी काढून मधली चित्रे नंतर अर्ध्या-अर्ध्याने भरत जाण्याची रीत वापरात आणली होती. पुढील दोन-तीन दशकांत अमेरिकेतील स्टुडिओंनी या रीतीचे श्रमविभागात रूपांतर केले : मुख्य अ‍ॅनिमेटर टोकाची चित्रे काढी, त्यांच्या कडेला शिडीसारखा एक छोटा तक्ता आखून मधली चित्रे कोणत्या टोकाकडे दाटवायची हे कळवी, आणि इन-बिट्वीन करणारे सहायक ती चित्रे पूर्ण करीत. हा तक्ता स्पेसिंगची लेखी आज्ञा होता. वाटेसाठी फिकट पेन्सिलीने एक वक्र रेषा आखली जाई, कारण सजीवांच्या बहुतेक हालचाली सांध्यांभोवती फिरण्यातून होत असल्याने त्या वक्राकार असतात, आणि सहायकाने दोन टोकांच्या बरोबर मधोमध सरळ रेषेत चित्र काढले की हात फिरण्याऐवजी आकसल्यासारखा दिसतो, हा अनुभव सर्वांनाच होता. डिस्ने स्टुडिओत आकाराला आलेली ही तत्त्वे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात बारा तत्त्वांच्या रूपाने ग्रथित केली. ‘आर्क’ म्हणजे वक्रगती, आणि ‘स्लो इन, स्लो आऊट’ म्हणजे टोकांपाशी मंद होण्याचे तत्त्व, ही त्यांतली दोन गतिमार्गाशी थेट निगडित आहेत.

महाराष्ट्राचा या परंपरेशी संबंध जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच बी रुजून रोप वाढण्याची क्रिया ठरावीक अंतराने टिपून लघुपट तयार केला होता, आणि पुढे आगकाड्यांना फ्रेमगणिक हलवूनही त्यांनी चित्रीकरण केले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला, डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील कलावंतांना प्रशिक्षण दिले आणि १९५७ मध्ये ‘द बनियन डिअर’ हा चित्रपट तयार झाला. राम मोहन यांच्यासारख्या अ‍ॅनिमेटरांची पिढी याच विभागात घडली. वक्ररेषा आखून तिच्यावर स्पेसिंगच्या खुणा करण्याची शिस्त त्यांच्यामार्फत या भूमीत आली, आणि आज संगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने तिला परकी मानण्याचे कारण नाही.

संगणकीय गतिमार्गाच्या इतिहासात १९६९ हे वर्ष निर्णायक ठरते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रोनाल्ड बेकर यांनी लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकावर ‘जेनेसिस’ नावाची प्रणाली उभी केली. तिच्यात वापरणाऱ्याने विद्युत-लेखणीने हालचाल करून दाखवायची आणि संगणकाने वाटेचा आकार व हाताचा वेग हे दोन्ही एकत्र टिपून घ्यायचे, अशी योजना होती. या नोंदीला बेकर यांनी ‘पी-कर्व्ह’ म्हटले, आणि ती पडद्यावर समान कालांतराने उमटणाऱ्या खुणांच्या माळेच्या रूपात दाखवली. मारे आणि गिलब्रेथ यांच्या छायाचित्रांत जे केवळ पाहता येत होते, ते येथे प्रथमच आज्ञा म्हणून वापरता येऊ लागले. त्याच सुमारास कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी कीफ्रेम पद्धत संगणकावर आणली, म्हणजे कलावंताने टोकाची चित्रे द्यायची आणि मधली चित्रे यंत्राने गणिताने भरायची. पीटर फोल्डेस यांचा १९७४ चा ‘हंगर’ हा चित्रपट या पद्धतीने तयार झाला. पहिल्या मार्गात हालचाल हातातून येते, दुसऱ्यात ती दोन स्थिर क्षणांमधल्या गणितातून येते. पुढील सर्व सॉफ्टवेअर या दोन मार्गांच्या मधोमध कोठेतरी उभे आहे.

मधली चित्रे गणिताने भरायची ठरल्यावर कोणते गणित वापरायचे, हा प्रश्न उभा राहिला. सरळ रेषेने जोडणी केली की प्रत्येक कीफ्रेमपाशी झटका बसतो, म्हणून वक्ररेषांची गरज पडली, आणि त्या आयत्या मिळाल्या त्या मोटारींच्या कारखान्यांतून : सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी गाडीच्या पत्र्याचे आकार आखण्यासाठी जे वक्र तयार केले, त्यांतूनच प्रत्येक बिंदूला दोन बाजूंनी ओढता येणारी मूठ, म्हणजे ‘हँडल’, अ‍ॅनिमेशनमध्ये आली. १९७४ मध्ये एडविन कॅटमुल आणि राफाएल रोम यांनी दिलेल्या बिंदूंतून आपोआप जाणारा वक्र मांडला. १९८४ मध्ये डोरिस कोखानेक आणि रिचर्ड बार्टल्स यांनी ताण, सातत्य आणि कल अशा तीन नियंत्रकांनी प्रत्येक कीफ्रेमपाशी वक्राची वागणूक बदलण्याची सोय दिली. आणि १९८५ मध्ये केन शूमेक यांनी चतुष्टय-संख्या, म्हणजे क्वाटर्निअन, वापरून त्रिमितीय फिरण्यामधील मध्यस्थिती काढण्याची रीत सांगितली. १९८७ मध्ये जॉन लॅसेटर यांनी कागदावरील तत्त्वे त्रिमितीय संगणकीय अ‍ॅनिमेशनला लागू करून दाखवली, तेव्हा गणिताने दिलेली गुळगुळीत वाट ही चांगली हालचाल असतेच असे नाही, हे या क्षेत्राने मान्य केले होते.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन मुख्य पंथ दिसतात, आणि त्यांच्यातील भेद वाट व वेळ यांपैकी प्रथम काय ठरवायचे यावर आधारलेला आहे. पहिला पंथ मार्गप्रधान आहे : आधी रेषा काढावी, मग वस्तू तिच्यावर चढवावी आणि तिने किती वेगाने जायचे ते वेगळे सांगावे. फ्लॅशमधील मार्गदर्शक रेषेचा स्तर, ऑफिस एक्सपीसोबत आलेल्या पॉवरपॉइंट २००२ मधील मोशन पाथ, आणि वेबवरील एसव्हीजी या चित्रस्वरूपात २००१ पासून असलेली मार्गगतीची सोय, ही याची परिचित उदाहरणे आहेत. विमान, मोटार, कॅमेरा, नकाशावर सरकणारा बाण अशा संपूर्ण वस्तूंसाठी हा पंथ सोपा आणि नेमका ठरतो. दुसरा पंथ आलेखप्रधान आहे : जागेचे तिन्ही अक्ष काळाच्या संदर्भात तीन स्वतंत्र आलेख म्हणून मांडावेत आणि वाट ही त्यांच्या संयोगातून आपोआप निघावी. माया आणि ब्लेंडर यांतील ग्राफ एडिटर या विचाराचा आहे. तेथे कलावंत प्रत्यक्षात आलेख घडवतो, गतिमार्ग हा त्याचा परिणाम असतो आणि म्हणून ब्लेंडरमधील गतिमार्ग मुख्यतः पाहण्यासाठी आहे. तिसरा पंथ या दोहोंची सांगड घालतो. १९९३ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील एका लहान कंपनीतून बाहेर पडलेल्या आणि पुढे अडोबीकडे आलेल्या आफ्टर इफेक्ट्सने जागेतील वक्रता आणि काळातील वेग यांना वेगवेगळी नियंत्रणे दिली : वाट पडद्यावरच हँडलने वाकवायची आणि वेग आलेखात घडवायचा. २००८ च्या फ्लॅश सीएस४ मध्ये आणि मायामधील संपादनक्षम मोशन ट्रेलमध्ये गतिमार्गालाच हात घालून ओढण्याची मुभा मिळाली. प्रत्येक पंथाची किंमत आहे : आफ्टर इफेक्ट्समध्ये जागेचे अक्ष वेगळे केले की वेगाचे नियंत्रण सूक्ष्म होते, परंतु वाटेवरचे हँडल नाहीसे होतात, आणि कोणती सोय सोडायची हे कलावंताला प्रत्येक कामात ठरवावे लागते.

गतिमार्ग दाखवणे हे दिसते तितके सरळ काम नाही. पहिला प्रश्न बिंदूच्या निवडीचा. हाताच्या हाडाचा मूळचा सांधा निवडला तर वाट एक दिसते, बोटांकडचे टोक निवडले तर दुसरी, आणि पात्राचे वजन वाचायचे असेल तर या दोन्हींऐवजी कमरेची वाट पाहावी लागते. दुसरा प्रश्न संदर्भाचा. मनगटाची वाट जगाच्या संदर्भात पाहिली तर तीत चालण्याची पुढची गतीही मिसळते, छातीच्या संदर्भात पाहिली तर केवळ हाताचा झोका उरतो, आणि कॅमेऱ्याच्या संदर्भात पाहिली तर प्रेक्षकाला दिसणारी वाट मिळते. त्रिमितीय जगात निर्दोष असलेला वक्र कॅमेरा हलत असल्यामुळे पडद्यावर मोडलेला दिसू शकतो, आणि प्रेक्षक पाहतो तो पडदाच; म्हणून अनेक अ‍ॅनिमेटर संगणकाच्या काचेवर पारदर्शक कागद लावून पुसता येणाऱ्या पेनाने फ्रेमगणिक ठिपके देत आले, आणि अलीकडे कॅमेऱ्यातून दिसणारा गतिमार्ग दाखवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच येऊ लागली आहे. तिसरा प्रश्न प्रमाणाचा. संपूर्ण दृश्यातील सगळे ठिपके एकदम दाखवले तर गुंताच दिसतो. चालू फ्रेमच्या मागचे आणि पुढचे मोजकेच ठिपके वेगळ्या रंगांत दाखवले तर त्या क्षणाचा ओघ कळतो. शिवाय गणना करून साठवलेला गतिमार्ग कीफ्रेम बदलल्यावर शिळा होतो, आणि तो पुन्हा न काढता केलेली दुरुस्ती जुन्याच वाटेची दुरुस्ती ठरते.

गतिमार्ग दुरुस्त करणे त्याहून अवघड आहे, कारण तेथे यंत्राची गृहीतके आड येतात. वक्राच्या सूत्रातील चल समान पावलांनी वाढवला तरी वक्रावर कापलेले अंतर समान नसते. म्हणून समान वेग हवा असेल तर सॉफ्टवेअरला आधी वक्राची लांबी मोजून तिच्यानुसार ठिपके बसवावे लागतात, आणि हे न करणाऱ्या साधनात वाट सुंदर असूनही वस्तू वळणांवर विनाकारण धावते किंवा रेंगाळते. दोन लागोपाठच्या कीफ्रेमची जागा तंतोतंत तीच ठेवली, तरी स्वयंचलित हँडलमुळे वस्तू त्या दोहोंच्या मध्ये थोडी भटकून परत येते. आलेखात वक्र गुळगुळीत राहावा म्हणून तो कीफ्रेमच्या मूल्यापलीकडे झेपावतो आणि पाय जमिनीत रुततो. याहून खोल अडचण सांध्यांच्या साखळीत आहे. खांदा, कोपर आणि मनगट फिरवून हात हलवला असेल, तर हाताच्या टोकाची वाट ही तीन फिरण्यांचा एकत्रित परिणाम असते; त्या वाटेवरचा एक ठिपका ओढून वर नेला, तर खांदा किती फिरावा आणि कोपर किती, याला एकच उत्तर नसते. म्हणूनच या ठिकाणी बरीच सॉफ्टवेअर वाट दाखवतात, पण ओढू देत नाहीत. उलट हाताचे टोकच जागेवर नेऊन मागच्या सांध्यांचे कोन यंत्राकडून काढून घेतले, तर टोकाची वाट हातात येते, परंतु दोन कीफ्रेममध्ये ती सरळ रेषेकडे झुकते आणि वक्रता पुन्हा हाताने भरावी लागते. शरीराच्या हालचाली उपकरणांनी टिपून आणलेल्या असतील, तर अडचण नेमकी उलटी असते : प्रत्येक फ्रेमवर कीफ्रेम असते, वाटेवर उपकरणाचा बारीक थरथराट असतो, आणि तो गाळताना अभिनयातला खरा हिसकाही गाळला जाण्याचा धोका असतो.

वाट आणि वेग वेगवेगळे संपादित करता येत असले, तरी निसर्गात ते एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, ही गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. लाकानिटी, तेर्झुओलो आणि विव्हियानी यांनी १९८३ मध्ये दाखवले की, माणसाचा हात रेखाटन करताना जेथे वाट जास्त वळते तेथे ठरावीक गणिती नियमाने मंदावतो. आणि १९८५ मध्ये तामार फ्लॅश व नेव्हिल होगन यांनी हाताच्या हालचाली त्वरणातील आकस्मिक बदल कमीत कमी ठेवणाऱ्या असतात, असे प्रतिमान मांडले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, वळणावर ठिपके दाटलेले नसतील तर हात सजीव वाटत नाही, मग वळण कितीही डौलदार असो. कागदावर काम करणाऱ्या पिढीला हे निरीक्षणाने ठाऊक होते. साधन वाट आणि वेळ वेगळे करून देते ते तपासण्यासाठी. त्यांना पुन्हा एकजीव करण्याची जबाबदारी कलावंताची राहते, आणि या ग्रंथाची मध्यवर्ती भूमिका हीच आहे.

आज या विषयाचे महत्त्व स्टुडिओंच्या भिंतींबाहेर गेले आहे. मोबाइलच्या पडद्यावर सरकणारी प्रत्येक खिडकी, खेळांमधील पात्रे, बातम्यांतील नकाशे, शाळेतील सादरीकरणे या सर्वांत कोणीतरी वाट आणि वेळ ठरवलेली असते. यंत्रमानवशास्त्रातही केवळ भूमिती सांगणारा मार्ग आणि काळासह सांगितलेला प्रक्षेपमार्ग असा भेद काटेकोरपणे पाळला जातो, त्यामुळे येथे कमावलेली दृष्टी तेथेही उपयोगी पडते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे स्थिर चित्रातून चलच्चित्र निर्माण करणाऱ्या काही नव्या प्रणालींमध्ये वापरणारा चित्रावर रेषा ओढून वस्तू कोठून कोठे जावी हे सांगतो. बेकर यांच्या लेखणीची कल्पना अर्धशतकानंतर अशी परत आली आहे. अशा प्रणालीला रेषा देणे सोपे आहे, परंतु मिळालेली हालचाल योग्य का वाटत नाही हे ओळखणे सोपे नाही, आणि ते ओळखू न शकणारा माणूस यंत्र देईल ते स्वीकारत जातो. दुसरीकडे, ब्लेंडरसारखे मुक्त आणि विनामूल्य साधन आता साध्या संगणकावरही चालते. मुंबई-पुण्याबाहेरच्या विद्यार्थ्यालाही साधन उपलब्ध आहे, परंतु ते समजावणारे साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे आणि त्यातही कोणते बटण दाबावे यावर भर आहे, का दाबावे यावर कमी. सॉफ्टवेअरची बटणे आवृत्तीगणिक जागा बदलतात. ठिपक्यांचे वाचन बदलत नाही.

प्रस्तुत ग्रंथ म्हणूनच कोणत्याही एका सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका नाही. आफ्टर इफेक्ट्स, माया, ब्लेंडर आणि त्यांच्या जातकुळीतील इतर साधने येथे उदाहरणे म्हणून येतात, आणि तीच हालचाल मार्गप्रधान, आलेखप्रधान व मिश्र पद्धतीने घडवून त्यांतील लाभ-हानी तोलली जाते. गणित आवश्यक तेथे दिले आहे, परंतु ते शालेय बीजगणितापलीकडे जाणार नाही अशा बेताने, कारण हँडल ओढल्यावर काय घडते हे समजण्यासाठी सूत्र पाठ असण्यापेक्षा त्याची प्रवृत्ती माहीत असणे अधिक गरजेचे आहे. व्यवसायात रूढ असलेले कीफ्रेम, स्पेसिंग, आर्क, रिग यांसारखे शब्द तसेच ठेवले आहेत, जेणेकरून वाचक स्टुडिओत गेल्यावर त्याला दुसरी भाषा शिकावी लागू नये. व्यंगपटांतील अतिशयोक्त हालचालींचे, हेतुपुरस्सर तुटक ठेवलेल्या स्पेसिंगचे आणि सरळ रेषेत चालणाऱ्या यांत्रिक पात्रांचेही विवेचन केले आहे. त्यामागे हा आग्रह आहे की, वक्र गुळगुळीत करणे हे ध्येय नसून पात्राला साजेशी वाट शोधणे हे ध्येय आहे, आणि गरज असेल तेथे वाटेवरची खाच जपलीही पाहिजे.

गतिमार्गाच्या मर्यादाही या ग्रंथाने गृहीत धरल्या आहेत. तो एका बिंदूची कहाणी सांगतो. आकाराचे ताणणे-दबणे, चेहऱ्यावरचा विचार, दोन पात्रांमधील तणाव यांतले काहीही त्या रेषेत येत नाही, आणि प्रत्येक रेषा सुबक असूनही दृश्य निर्जीव राहू शकते. अंतिम निर्णय पूर्ण वेगाने चाललेले दृश्य पाहूनच करावा लागतो. परंतु तो निर्णय नापसंतीचा आला, तर पुढे काय करायचे हे रेषा आणि ठिपके सांगू शकतात, आणि अंदाजाने कीफ्रेम हलवत बसण्यापेक्षा ही पद्धत कलावंताचे श्रम आणि आत्मविश्वास दोन्ही वाचवते. हा ग्रंथ वाचलेल्या विद्यार्थ्याने बिघडलेल्या हालचालीसमोर बसल्यावर प्रथम ‘कोठे चुकले’ आणि ‘केव्हा चुकले’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, त्यांची उत्तरे गतिमार्गावर स्वतः शोधावीत आणि दुरुस्ती त्यानंतरच सुरू करावी, एवढी सवय त्याला जडली तर ग्रंथाचा हेतू सफल झाला असे मानता येईल.